मास्तरांची बिननावाची भांडी

त्या दिवशी उल्हासनगरच्या भांड्यांच्या दुकानात कोण कोण होतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की म्हातारी मनाचं सांगते. मी होते. माझी मुलगी सुनंदा होती. शेजारची लता होती. तिला काही घ्यायचं नव्हतं, पण कोणी दुकानात निघालं की ती चपला घालून तयारच. गल्ल्यावर सिंधी शेठ होता, भांड्यावर नाव घालायचं मशीन तो स्वतःच चालवायचा. आणि आमचे जर्मन मास्तर होते, श्रावणातल्या उकाड्यात लोकरीचा कोट घालून. एवढेच. बाकी कोणी मी होतो, मी होतो म्हणत असेल तर खोटं आहे.

मास्तरांचं नाव सांगणार नाही. त्यांची मुलं मोठ्या हुद्द्यावर आहेत. बाप जिवंत असताना त्यांना त्याची आठवण झाली नाही, आता माझ्या तोंडून झाली तर उगाच त्रास.

जर्मन म्हणजे आमच्या घरात पातेलं. ॲल्युमिनियमच्या भांड्याला माझी आई जर्मनच म्हणायची, मीही तेच म्हणते. त्यामुळे बदलापूरला हेंद्रेपाड्याच्या आमच्या चाळीत, अगदी भिंतीला भिंत लागून, जर्मनचे मास्तर राहायला आले असं लतानं सांगितलं, तेव्हा मला वाटलं भांडी ठोकून देत असतील. फार काही चुकले नव्हते मी.

तसे ते खरे मास्तर नव्हेत. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. तरुणपणी कारखान्यानं त्यांना मशीन शिकायला जर्मनीला धाडलं, आठ महिने. लोक दुबईला जन्म काढून येतात आणि गुपचूप घराला रंग लावतात. आमचे मास्तर आठ महिने जाऊन आले आणि म्हातारे होईपर्यंत तेच सांगत राहिले. तिकडून काय आणलं? तर एक लोकरीचा कोट आणि सकाळी कोरडा पाव चावायची सवय. कोट खिळ्याला. बदलापुरात लोकरीचा कोट घालायचा कधी? पण क्लासला आलेल्या पोरांनी आत पाऊल टाकलं की आधी त्या कोटाकडे बघून म्हणायचं, "डेर मांटेल." देवळात शिरताना घंटा वाजवतात ना, तसं.

त्या भाषेत म्हणे वस्तूचं नुसतं नाव घेऊन चालत नाही. पुढे डेर, डी नाहीतर डास लावावं लागतं. तो, ती, ते. मी म्हटलं, "त्यात काय मोठं? आपल्याकडे पण तो तांब्या, ती वाटी, ते ताट."

"बाई, आपलं आपल्याला येतं. त्यांचं वेगळं. त्यांच्याकडे ताट म्हणजे तो."

"कोण म्हणतं?"

"सगळा देश म्हणतो."

मग झालं. सगळ्या देशापुढे मी एकटी काय बोलणार.

मास्तरांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "शब्द नागडा बाहेर काढू नका!" म्हणजे डेर-डी लावल्याशिवाय बोलू नका. हे ते शिकायला आलेल्यांनाच सांगायचे असं नाही. एकदा दारात दूधवाला ओरडला, "दूऽध." आतून मास्तर ओरडले, "डी! डी मिल्श!" दूधवाल्याला वाटलं यांना आज नको, तो पुढे गेला. मास्तर त्या दिवशी काळा चहा प्यायले, पण डेर म्हणून प्यायले.

वही त्यांच्याकडे चालायची नाही. "वहीत लिहिलेलं वहीत राहतं. हातानं धरलेलं डोक्यात जातं." म्हणून त्यांनी काय केलं? आपल्याकडे भांडं घेतलं की दुकानात त्यावर नाव घालून घेतात. चाळीत वाटी इकडची तिकडे गेली तर नाव वाचून परत येते. लग्नातल्या भांड्यांवर तर कोणाकडून कोणाला सगळं पुराण असतं. मास्तरांच्या एकाही भांड्यावर मास्तरांचं नाव नव्हतं. एकावर डेर, दुसऱ्यावर डी, तिसऱ्यावर डास. बस. मास्तर पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हाची गोष्ट शेठच आम्हाला रंगवून सांगायचा.

"मैंने पूछा, साईं, ये डेर कौन? आपका बेटा? बोले, नाम नहीं है, लिंग है. मैं बोला, साईं, बर्तन पे? बोले, चमचा मर्द है, काँटा औरत है. मैंने पूछा, और चाकू? बोले, चाकू दोनों में नहीं. अरे साईं, घर में चाकू ही तो असली है, उसी को बाहर कर दिया!"

शेठनं सगळं घालून दिलं, वर कपाळाला हात लावला. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

चाळीत मग वेगळीच बातमी. मास्तरांनी भांड्यांवर डी म्हणून बाईचं नाव घातलंय, तिकडची ठेवलेली असणार. लतानं तर तिचे डोळे घारे होते इथपर्यंत शोध लावला.

शिकवायची तऱ्हा अशी. चहा हवा असेल तर कप डी लावून मागायचा. चूक झाली तर चहा नाही, आणि जे भांडं चुकलं ते घासायचं. सुरुवातीला इंजिनिअरिंगची पोरं यायची, टाय लावून. दोन-चारदा घासल्यावर त्यांना कळलं की इंग्रजीत पण नोकऱ्या असतात. गेली. राहिली एक माझी सुनंदा. सासरी मराठीत भांडी घासत होती, माहेरी येऊन जर्मनमध्ये घासायला लागली. प्रगतीच म्हणायची.

आता तिचं सांगायला पाहिजे. तिचा बाप अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होता. कारखान्यानं घरी बसवला, आणि बसून बसून मेला. मग मी जीन्सच्या पँटींचे धागे कापले. उल्हासनगरहून गठ्ठे यायचे, शिवणीचे लोंबते धागे कापून परत द्यायचे. बोटं कायमची निळी. जेवताना भातसुद्धा निळा दिसायचा. त्या कमाईवर पोरीला बारावी केली, त्याच कमाईवर उल्हासनगरातच तिचं लग्न केलं. भांडी दिली, हंड्यापासून चमच्यापर्यंत. आणि कौतुकानं प्रत्येकावर जावयाचं नाव. पद्धतच तशी आहे. भांडी घेणार मी, वापरणार ती, नाव त्याचं.

जावयाचा हात चालायचा. हात दुखायला लागला की पट्टा. एक दिवस ती एक पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. अंघोळीला पाणी काढून दिलं तेव्हा पाठ दिसली. मग मी भांडी मागायला गेले. जावयानं हंडा उचलून माझ्यापुढे फिरवला. "वाचता येतं ना, सासूबाई? कोणाचं नाव आहे?"

वाचता येत होतं. चौथी शिकले आहे मी. नाव वाचण्यापुरती.

पुढे दोन्हीकडची मोठी माणसं बसली. मोठी म्हणजे वयानं. त्यांनी ठरवलं, दिवाळीला पोरीनं नांदायला जायचं. मी म्हटलं, आणि तोवर तिला नोकरी लागली तर? एक जण म्हणाला, "लागली तर बघू की." आणि सगळे हसले. चहा माझ्याच घरचा पीत होते.

नोकरीची बातमी मास्तरांनीच आणली होती. अंबरनाथच्या एका कारखान्यात जर्मन मशिनी होत्या, त्यांचे कागद वाचायला, तिकडे चार ओळी लिहायला एक मुलगी पाहिजे होती. मास्तरांच्या ओळखीचा साहेब म्हणाला, घेतो, पण परीक्षा पास पाहिजे. परीक्षा मुंबईला, पावसाळा संपताना. म्हणजे परीक्षा पास झाली तर नोकरी, नोकरी लागली तर पट्टा नाही. एवढं सरळ होतं.

पण मास्तर सरळ नव्हते. त्यांच्या क्लासला इतकी वर्षं झाली, एकही विद्यार्थी नापास नाही. कसा होईल? त्यांनी कोणाला परीक्षेला बसूच दिलं नव्हतं. "कच्चा आहे," म्हणायचे, "पुढच्या वर्षी." ती पोरंही निमूट पुढच्या वर्षी घासायला यायची, नाहीतर यायचीच बंद व्हायची. सुनंदाला पण तेच. "कच्ची आहेस." आणि ही बाई म्हणायची, "हो सर." नवऱ्याला हो, सासूला हो, आता सरांना हो.

त्यात त्या वर्षी जुलैत नदी घरात आली. तुम्ही टीव्हीवर मुंबई बघितली असेल. बदलापूर कोणी दाखवलं नाही. आमचं काही अडलं नाही, आम्ही तिथेच होतो. दुपारी पाणी उंबऱ्याला लागलं, दिवे लावायच्या वेळेला चुलीच्या ओट्यावर. आम्ही सगळे बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर गेलो. कोणी डोक्यावर टीव्ही घेतला, कोणी तांदळाचा डबा, लतानं शिलाई मशीन ढकलत ढकलत अर्ध्यात सोडलं. मास्तरांनी खिळ्यावरचा कोट काढला, अंगात घातला, बटणं लावली आणि छातीभर पाण्यातून चालत आले. भांडी मांडणीवर तशीच. मी विचारलं, "मास्तर, भांडी?" म्हणाले, "दोन हात आहेत, बाई. कोणाला घेणार आणि कोणाला सोडणार?"

पाणी उतरल्यावर बघितलं, तर सगळ्या चाळीची भांडी चिखलात कालवलेली. बायका फतकल मारून बसल्या आणि भांडी पुसून नावं वाचायला लागल्या. शाळेत हजेरी चालावी तसं.

"सखाराम!"

"इकडे टाक."

"कैलासवासी गंगूबाई!"

"आमची सासू. आण, आण. मेली तरी पोहत राहिली."

मधेच लता ओरडली, "डास! आता मच्छर पण भांडी घ्यायला लागले!"

सुनंदा पलीकडे नळाखाली बसून मास्तरांची भांडी ओळखून काढत होती. अक्षरात चिखल भरलेला, तरी नुसती कड चाचपून म्हणायची, "डी प्फाने. डेर डेकेल." म्हणजे तवा आणि झाकण. लता म्हणाली, "अगं, तो असो का ती, चिखल सारखाच लागलाय." मास्तर ओला कोट घालून शेजारी उभे. मला वाटलं, आता तरी म्हातारा म्हणेल, झाली पक्की.

म्हातारा मोजत होता, काय काय आलं नाही ते. निम्म्याच्या वर भांडी गेली होती, नदीबरोबर खाली. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "अर्धे शब्द वाहून गेले. अर्ध्या शब्दांवर परीक्षा होत नाही. पुढच्या वर्षी."

"हो सर," सुनंदा म्हणाली.

मी काही दिवस थांबले. घरातला गाळ काढत होते, तोंडात आलेलं तिथेच गिळत होते. मग एका सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. मास्तर पाव चावत होते.

"मास्तर, भांडी वाहून गेली. शब्द पोरीच्या डोक्यात आहेत, डोकं घेऊन ती माझ्याबरोबर वर आली होती."

"कच्चे आहेत, बाई. काल चमच्याला डास म्हणाली."

"चमच्याला वाईट वाटलं का?"

"तुम्हाला थट्टा वाटते. तिकडे हसतात." त्यांनी पाव खाली ठेवला. "पहिल्याच आठवड्यात जेवायला बसलो होतो. काटा मागितला. डीच्या जागी डेर म्हणालो. सगळं टेबल हसलं. वाईट माणसं नव्हती, आपली सहज हसली. पण मी त्यानंतर काही मागितलंच नाही. उरलेले सगळे महिने बोटानं दाखवायचो. पाव बोटानं, पाणी बोटानं. बोलायला शिकलो ते इथे परत आल्यावर. या भांड्यांशी."

सगळ्या चाळीला वाटत होतं, हे तिकडच्या मडमांशी गप्पा मारून आलेत.

खरं सांगते, मला दया आली नाही. राग आला. "एवढंच? हसले?"

मास्तरांनी पाव परत हातात घेतला.

"माझी पोर तिकडे चुकली की हसत नव्हते, मास्तर. भाजीत मीठ पडलं जास्त, पट्टा. गिरणीतून यायला उशीर, पट्टा. दिवाळीला परत गेली की पुन्हा तेच. आणि मुंबईला परीक्षेत चुकली तर काय करतील तिला? हसतील ना? हसू द्या की. तेवढं हसणं ती सहज खाईल."

मास्तरांनी पावाचे तुकडे केले, एकही तोंडात टाकला नाही. मग कोटाकडे बघितलं. कोट दोरीवर वाळत होता, पुराच्या पाण्यानं आखडून पोराच्या मापाचा झाला होता.

"उद्या उल्हासनगरला जाऊ," म्हणाले. "तिलाही घ्या."

"कशाला?"

"परीक्षेला जाताना डबा लागतो."

तर असे आम्ही त्या दुकानात गेलो. मास्तर तो आखडलेला कोट घालून, बाह्या कोपरापर्यंत. का घातला ते मी विचारलं नाही, मला वाटतं त्यांना तो कार्यक्रम वाटत होता. त्यांनी स्टीलचा एक डबा निवडला, झाकण चार वेळा उघडलं, मिटलं, आणि शेठपुढे ठेवला.

शेठनं मशीन हातात घेतलं. "बोलो साईं. मर्द, औरत, या चाकू?"

"डी सुनंदा."

"अरे वा, आज तो नाम भी है! आगे?"

"आगे कुछ नहीं."

"पति का नाम?"

सुनंदा झाकणाकडे बघायला लागली. लतासुद्धा. शेठनं माझ्याकडे बघितलं. "अम्मा, तो बाप का डाल दूँ?"

"तो मेला," मी म्हटलं.

"साईं, नाम डालना फ्री है. इतने में पूरा खानदान आ जाता है. खाली जगह अच्छी नहीं दिखती."

"दिखने दो," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात सुनंदा हळूच म्हणाली, "सर, पण पुस्तकात माणसाच्या नावाआधी डी लावत नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदा ही पोर कोणाला तरी नाही म्हणत होती. आणि ते पण कोणाला, तर मास्तरांना. आता सगळं दुकान घासायला लावतात की काय.

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. "पुस्तकात नाही लावत. बरोबर. पण मी होतो त्या गावात लावायचे. बोलताना लावायचे. आपल्या माणसाला." मग शेठला म्हणाले, "डालो."

मशीन कुर्रकुर्र वाजलं. शेठनं पुसून डबा दिला. लतानं तो उलटासुलटा केला आणि म्हणाली, "सुनंदा, तुझ्याकडे आता एक तरी भांडं आहे, जे कोणाला मागायला जायला नको." लता मूर्ख नाही, दिसते तशी.

सुनंदा परीक्षेला गेली. पास झाली. फार डोक्यावर घ्यावं असं नाही, पण पास झाली. दोन ठिकाणी चुकले, असं तिनं घरी येऊन स्वतःच सांगितलं, तर मास्तरांनी ती दोन भांडी घासायला लावली. तिनं घासली, हसत. नोकरी मिळाली. दिवाळीला जावई आला, बरोबर ती मोठी माणसं.

"कुठाय ती?"

"डबा घेऊन गेली."

"कुठे?"

"अंबरनाथला. कामावर."

"येणार कधी?"

"सुट्टी झाली की येईल. तुम्ही बसा, चहा घ्या. तुम्हाला सवय आहे इथल्या चहाची."

घेतला. गेले. पुन्हा आले नाहीत. हंडा त्यांच्याकडेच आहे, त्याच्या नावाचा. लखलाभ.

त्यानंतर मास्तर पोरांना परीक्षेला बसू द्यायला लागले. एक जण दणकून नापास झाला. मास्तर त्याच्या घरी पेढे घेऊन गेले. त्याच्या बापानं म्हणे मास्तरांना जिन्यापर्यंत हाकलत आणलं. पेढे मात्र ठेवून घेतले.

एक खोड गेली नाही. मांडणीवर हरवलेल्या भांड्यांच्या जागा त्यांनी तशाच मोकळ्या ठेवल्या. मी एकदा माझा कुकर ठेवला तर म्हणाले, "बाई, तिथे किटली असते. डी काने." नदी घेऊन गेली त्याला दोन वर्षं झाली होती. मी कुकर उचलला.

मास्तर गेले तेव्हा मुलं आली. टीव्ही बघितला, पंखा बघितला, भांड्यांवरची अक्षरं बघून म्हणाली, "हे भंगारात द्या." सुनंदानं ती उचलून आमच्याकडे आणली. आता आमच्या मांडणीवर आहेत, मधल्या जागा मोकळ्या सोडून. मी काही बोलत नाही. जागेची टंचाई आहे, पण बोलत नाही. कोट मात्र मी मास्तरांच्या अंगात घालून पाठवला. बटणं लागली नाहीत.

तुम्ही हे वाचत असाल आणि बदलापूरपासून खाली कल्याणपर्यंत नदीच्या कडेला कुठे राहत असाल, तर एक सांगणं आहे. त्या जुलैच्या गाळात तुमच्या घरी एखादं भांडं आलं असेल, किटली, वाटी, काहीही, आणि त्यावर कोणाचं नाव नसेल, नुसतं डेर, डी नाहीतर डास असेल, तर ते आमच्या मास्तरांचं आहे. परत आणून देऊ नका. खुशाल वापरा. फक्त त्यावर दुसऱ्या कोणाचं नाव घालू नका.